ढोकी : जुने इंजिन उघडण्यापूर्वी

धाराशिव जिल्ह्याचे नाव निघाले की जैन वाचकांच्या मनात प्रथम कुंथलगिरी येते. कुलभूषण-देशभूषण मुनींची ही निर्वाणभूमी. आचार्य शांतिसागर महाराजांची सल्लेखना १९५५ साली याच सिद्धक्षेत्री पूर्णत्वास गेली. त्यानंतर आठवतात ती धाराशिव शहरालगतची पार्श्वनाथांची लेणी आणि तेरचे प्राचीन जैन मंदिर. या तीर्थांच्या दर्शनासाठी दरवर्षी असंख्य कुटुंबे या जिल्ह्यातून जातात. त्यांच्या वाटेवर ढोकीचा फाटा लागतो, चहापुरती गाडी थांबते आणि पुढे निघते. मात्र थोडे रेंगाळणाऱ्या प्रवाशाला या गावात एका जुन्या प्रश्नाची अनेक रूपे भेटतात. मोडलेली वस्तू पुन्हा उभी करावी की तिला निरोप द्यावा, हा तो प्रश्न.

ढोकी लातूर-बार्शी रस्त्यावर आहे. बालाघाटाच्या पठारावरची काळी जमीन, तेरणेच्या पाण्यावर उभा असलेला ऊस, पावसाने दगा दिला की उघडी पडणारी शिवारे आणि त्यांतून गेलेली रेल्वेची वाट असा हा प्रदेश. येथे पाऊस पुरेसा पडेल याची हमी कोणालाच नसते. म्हणून घरात आलेला पैसा कोठे घालायचा, याचा विचार येथील माणूस दहा वेळा करतो. कोणतीही वस्तू टाकून देण्यापूर्वी तिच्यातून आणखी काही निघेल का, हेही तो पाहतो.

तगरच्या बैलगाड्या आणि बार्शी लाइट

ढोकीच्या शेजारचे तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात तगरचा उल्लेख येतो. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या या मोठ्या नगरातून जाडेभरडे कापड आणि तलम मलमल गाड्यांवर लादून, बिकट वाटांनी, भडोच बंदरापर्यंत नेली जाई. हे तगर म्हणजेच तेर, अशी ओळख इतिहाससंशोधक फ्लीट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी पटवून दिली. या मुलखाचे वाहनांशी असलेले नाते असे दोन हजार वर्षांचे आहे.

त्या नात्यात नवा अध्याय जोडला तो एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने. त्याची बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी अशी सुरू झाली. रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. गाडीचा भार सर्व आसांवर सारखा वाटायचा आणि कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ द्यायचा नाही, हे त्याच्या रचनेचे सूत्र होते. त्यामुळे हलके रूळ पुरत, खर्च कमी येई आणि तरीही भरपूर माल वाहता येई. १९११ मध्ये ही वाट ढोकीवरून लातूरपर्यंत पोहोचली. दुसऱ्या टोकाला १९२७ मध्ये ती मिरजेला जाऊन मिळाली. बार्शी ब्रिटिश मुलखात आणि ढोकी निजामाच्या राज्यात असल्याने ही छोटी गाडी दोन राजवटींमधून धावत असे. लातूरची आणि बार्शीची व्यापारपेठ वाढण्यात तिचा मोठा वाटा होता. १९५४ मध्ये ती सरकारच्या ताब्यात आली.

पुढे या रेल्वेपुढेही तोच प्रश्न उभा राहिला. इंजिने जुनी झाली होती. वेग कमी होता. मोठ्या रेल्वेतून आलेला माल कुर्डुवाडीला उतरवून पुन्हा छोट्या डब्यांत भरावा लागे. छोटी गाडी डागडुजी करून चालू ठेवायची, बंद करायची, की रूळच बदलायचे? शेवटी रूळ बदलण्याचा निर्णय झाला. लातूर ते धाराशिव हा भाग २००७ मध्ये आणि धाराशिव ते कुर्डुवाडी हा भाग २००८ मध्ये रुंद झाला. त्या कामात मार्गही थोडा वळवण्यात आला आणि छोट्या गाडीने बाजूला ठेवलेले जिल्ह्याचे ठिकाण रेल्वेच्या नकाशावर आले. छोटे रूळ गेले, छोटी इंजिने गेली. परंतु लोकांचे जाणे-येणे आणि मालाची ने-आण टिकली. कॅलथ्रॉपच्या रचनेचे कौतुक करणाऱ्याला हळहळ वाटेल. लातूरहून थेट मुंबईला निघालेल्या प्रवाशाला मात्र तसे वाटत नाही.

कारखाना आणि दुचाकी

ढोकीची दुसरी ओळख म्हणजे तेरणा सहकारी साखर कारखाना. कारखान्याने या भागातील ऊस उत्पादकाच्या हाती रोख पैसा दिला, आणि त्या पैशाबरोबर गावोगावी मोटारसायकल आली. त्यापूर्वी शेतावर, बाजाराला, तालुक्याला जायचे ते सायकलने किंवा बैलगाडीने. पुढे कर्जाच्या बोजाखाली हाच कारखाना काही वर्षे बंद पडला. धुराड्यातून धूर निघेना, ऊस दूरच्या कारखान्यांकडे जाऊ लागला आणि फाट्यावरची दुकाने ओस पडली. अखेर तो भाडेतत्त्वावर चालवायला देण्याचा मार्ग निघाला. बंद यंत्र पुन्हा फिरवायचे की मोडीत काढायचे, या प्रश्नावर किती घरांचा संसार अवलंबून असतो, हे ढोकीने अशा रीतीने जवळून पाहिले आहे.

साठ ते ऐंशीच्या दशकांत ग्रामीण महाराष्ट्रात ज्या मोटारसायकली रुजल्या, त्यांत तीन नावे प्रमुख. पहिली मद्रासला तयार होणारी एन्फिल्डची बुलेट. दुसरी फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सची राजदूत. दुधाच्या कॅनपासून बियाण्याच्या पोत्यापर्यंत काहीही वाहणारी. तिसरी म्हैसूरची जावा. मूळच्या चेकोस्लोव्हाकियातील या गाडीची निर्मिती आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून म्हैसूरला सुरू केली. १९७३ पासून ती ‘येझदी’ या नावाने विकली जाऊ लागली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद झाला. अडीचशे सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, दोन बाजूंना दोन सायलेन्सर आणि किक व गिअर यांसाठी एकच दांडा, ही तिची खूण. कारखाना बंद होऊन तीन दशके होत आली, तरी तिचा आवाज ओळखणारे लोक आजही जागोजागी भेटतात.

पडवीतली गाडी

अशी एखादी जावा अनेक घरांच्या पडवीत किंवा गोठ्याच्या कोपऱ्यात पोत्याखाली झाकून ठेवलेली असते. घरातील कर्त्या पुरुषाने उसाच्या पहिल्या बिलातून ती घेतलेली असते. तिच्यावरून मुले दवाखान्यात गेलेली असतात, मुलीच्या लग्नाच्या पत्रिका वाटलेल्या असतात. मग एके दिवशी रस्त्यात इंजिन एकाएकी जाम होते, मागचे चाक घसटत थांबते आणि गाडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून घरी येते. ‘पुढच्या सुगीला बघू’ असे म्हणता म्हणता वीस वर्षे निघून जातात.

विषय पुन्हा निघतो तो बहुधा वडील माणूस गेल्यावर, नाहीतर घराची वाटणी होताना. तेव्हा घरात तीन मते पडतात. थोरला म्हणतो, भंगारवाला वजनावर घेईल, जागा तरी मोकळी होईल. धाकट्याला ती पूर्वीसारखी चालू झालेली हवी असते. घरातील आई फारसे बोलत नाही. “तुमच्या आप्पांनी ती कधी दुसऱ्याच्या हाती दिली नाही,” एवढेच म्हणते, आणि ते वाक्य दोन्ही मुलांना आपापल्या बाजूचे वाटते. खर्चाचा प्रश्न तर असतोच. त्याच पैशात विहिरीची मोटार बदलता येईल, मुलाची फी भरता येईल. शिवाय भावाभावांतील नाजूक हिशेबही त्यात मिसळलेला असतो. एकाने खर्च करून गाडी उभी केली, तर ती कोणाची?

येथे भावना खऱ्या असतात आणि अडचणीही खऱ्या असतात. म्हणून निर्णय घेण्यापूर्वी यंत्राचे म्हणणे ऐकणे हिताचे ठरते.

मिस्त्रीच्या बाकावर

टू-स्ट्रोक इंजिनाला वंगणासाठी वेगळी व्यवस्था नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले तेलच पिस्टन, सिलिंडर आणि क्रँकच्या बेअरिंगांना ओले ठेवते. जुन्या जावाला लिटरमागे चाळीस-पन्नास मिलिलिटर तेल लागे. हे प्रमाण चुकले, कार्बोरेटरमधून मिश्रण पातळ जाऊ लागले किंवा रणरणत्या उन्हात गाडी दीर्घकाळ ताणली, तर पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरला धरून बसतो. यालाच इंजिन जाम होणे किंवा सीझ होणे म्हणतात. त्यानंतर गाडी वर्षानुवर्षे तशीच उभी राहिली, तर पावसाळी हवेतील ओलावा आत शिरून गंज चढतो आणि मूळच्या इजेत नव्या इजेची भर पडते.

जाणता मिस्त्री आधी हातोडा उचलत नाही. प्लग काढून तो सिलिंडरमध्ये डिझेल किंवा गंज सोडवणारे तेल ओततो आणि काही दिवस तसेच ठेवतो. घाईने ठोकाठोकी केल्यास सिलिंडरच्या थंड हवेसाठी असलेल्या पाकळ्या तुटतात, पिस्टन फुटतो आणि वाचण्याजोगा भाग हातचा जातो. इंजिन उघडल्यावर तो तीन गोष्टी पाहतो.

पहिली सिलिंडर. त्याच्या आतील ओरखडे वरवरचे असतील, तर बोअर थोडा मोठा करून, पाव पाव मिलिमीटरच्या टप्प्याने मिळणारा पुढच्या मापाचा पिस्टन आणि नव्या रिंगा बसवता येतात. बोअर पूर्वीच शेवटच्या मापापर्यंत गेला असेल, तर आत नवे लाइनर ठोकावे लागते. दोन्ही कामे लातूर किंवा सोलापूरसारख्या शहरातील लेथवाल्यांच्या आवाक्यातली आहेत.

दुसरी क्रँक. जावाचा क्रँक अखंड नसतो. दोन जड चकत्या आणि त्यांच्यामध्ये दाबून बसवलेली पिन अशी त्याची रचना असते. कनेक्टिंग रॉडचे खालचे बेअरिंग गेले असेल, तर क्रँक प्रेसवर उघडून नवी पिन, नवे बेअरिंग आणि गरज पडल्यास नवा रॉड बसवतात. नंतर दोन्ही बाजू मिलिमीटरच्या शतांश भागांपर्यंत सरळ रेषेत आणाव्या लागतात. हे काम सर्वांना जमत नाही. चांगल्या हाताने केलेला क्रँक वर्षानुवर्षे चालतो. वाईट हाताने केलेला पहिल्या महिन्यातच थरथरू लागतो.

तिसरी क्रँककेस, म्हणजे या सर्वांना पोटात घेणारा ॲल्युमिनियमचा सांगाडा. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवेचे मिश्रण याच पोकळीतून वर जाते. त्यामुळे तिला बारीक चीर असली किंवा ऑइल सील कडक झाले असले, तरी गाडी धड चालत नाही. सील बदलता येते, लहान चीर वेल्डिंगने बुजवता येते. परंतु तुटलेला रॉड सांगाडा फोडून बाहेर आला असेल, तर प्रश्न गंभीर होतो. कारण इंजिनाचा नंबर या सांगाड्यावरच कोरलेला असतो.

२०१८ मध्ये जावाचे नाव नव्या मोटारसायकलीवर पुन्हा बाजारात आले, तेव्हा सुटे भाग सहज मिळतील असे अनेकांना वाटले. ती आशा फोल आहे. नवी जावा फोर-स्ट्रोक आणि पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाची आहे. तिचे भाग जुन्या इंजिनाला बसत नाहीत. जुन्या गाड्यांचे भाग मिळतात ते जुन्या साठ्यातून, नव्याने घडवणाऱ्या छोट्या कारागिरांकडून आणि जावाप्रेमींच्या मंडळांतून. दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी आंतरराष्ट्रीय जावा दिनानिमित्त गावोगावचे जावाधारक एकत्र येतात. भरवशाचा मिस्त्री कोण, हे कळण्यासाठी त्याहून चांगली जागा नाही.

कागदावरची गाडी

यंत्राइतकाच कागद महत्त्वाचा. खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. गाडी आजही गेलेल्या माणसाच्या नावावर असेल, तर आधी वारसांची संमती आणि नावाचा बदल हवा. भावाभावांतील तो नाजूक हिशेब येथेच लेखी मिटवता येतो.

पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये स्वतंत्र नियम केले. गाडी मूळ स्वरूपात असावी आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, ही त्यातील अट. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, नूतनीकरणाचे पाच हजार, मुदत दहा वर्षे, आणि नंबरपाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे. अशी गाडी प्रदर्शनाला, फेरीला नेता येते. रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही. म्हणजे फुटलेले इंजिन काढून भंगारातील दुसरे बसवले, तर गाडी धावेलही, पण तिची ओळख संकटात येईल. नंबर जुळत नसलेले इंजिन कोणाच्या गाडीतून आले, या प्रश्नाचे उत्तर पोलिसांपुढे देणे सोपे नसते.

शेजारची तीन उदाहरणे

या प्रश्नाला ढोकीच्या आसपासची भूमी तीन उत्तरे देते.

पहिले धाराशिवच्या लेण्यांत आहे. मुनी कनकामर यांनी अकराव्या शतकाच्या सुमारास अपभ्रंश भाषेत ‘करकंडचरिउ’ हे काव्य रचले. डॉ. हिरालाल जैन यांनी ते संपादित करून १९३४ मध्ये कारंजा येथील ग्रंथमालेतून प्रकाशात आणले. त्यातील कथेनुसार राजा करकंड तेरपूरजवळच्या लेण्यात पार्श्वनाथांचे दर्शन घेत असता त्याला सिंहासनावर दगडाची एक गाठ दिसते. म्हातारा शिल्पी सांगतो, खोदकामाच्या वेळी येथे पाण्याचा झरा लागला होता, तो बुजवण्यासाठी ही गाठ ठेवली आहे. तिला हात लावू नये. राजाला राहवत नाही. गाठ फोडली जाते, पाणी उसळते आणि लेणे भरून जाते. राजाला पश्चात्ताप होतो. पुढे नागकुमाराकडून लेण्याची हकिकत कळल्यावर तो तेथे आणखी लेणी करवितो. विद्रूप दिसणाऱ्या गोष्टीमागेही घडवणाऱ्याचा हेतू असू शकतो, हे त्या शिल्प्याला ठाऊक होते. जुन्या इंजिनातला ओबडधोबड वॉशर किंवा तारेने बांधलेला सांधा काढून टाकण्यापूर्वी तो कोणी व का बसवला, हे विचारणारा मिस्त्री त्याच परंपरेतला.

दुसरे उदाहरण तेरचे त्रिविक्रम मंदिर. मागे अर्धगोल असलेली ही विटांची वास्तू मुळात बौद्ध चैत्यगृह होती, असे अभ्यासकांनी तिच्या आकारावरून ओळखले. पूजा बदलली, पुढे मंडप जोडला गेला. पण मूळ भिंती आणि छप्पर कोणी पाडले नाही. म्हणूनच ती आजवर उभी आहे. रेल्वेने रूप टाकून उपयोग राखला. येथे उपयोग बदलला आणि रूप राखले गेले.

तिसरे उदाहरण दुःखाचे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे घेतली. त्यानंतर सरकारला गावोगावी ठरवावे लागले की कोणते घर पाडायचे, कोणते मजबूत करायचे, कोणते गाव हलवायचे. बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. कमी हानीच्या असंख्य घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण झाले. सरसकट एकच उपाय केला गेला नाही. आधी पाहणी, मग हानीची प्रतवारी आणि त्यानंतर निर्णय, हा तो क्रम होता. दगड-मातीच्या भिंतींवर ज्यांचे प्राण अवलंबून होते, त्यांच्यासाठी जो क्रम योग्य ठरला, तो एका इंजिनासाठीही योग्यच आहे.

निर्णय

आधी इंजिन उघडून पाहावे. न उघडता ‘करू’ किंवा ‘टाकू’ म्हणू नये. उघडण्याची मजुरी थोडी असते आणि तिने पुढचे मोठे नुकसान टळते. मग घरातील सर्वांनी बसून गाडी कशासाठी हवी ते ठरवावे. रोज शेतावर जाण्यासाठी हवी असेल, तर जुनी जावा त्या कामाची राहिलेली नाही. त्या पैशात नवी साधी दुचाकी घेणे शहाणपणाचे. सणासुदीला, गावच्या फेरीला, वडिलांची आठवण म्हणून चालू ठेवायची असेल आणि क्रँककेस शाबूत असेल, तर मूळ मापांनुसार इंजिन बांधून घ्यावे. खर्चाची कमाल मर्यादा आधीच कागदावर लिहावी आणि काम टप्प्याटप्प्याने करावे. क्रँक, सिलिंडर आणि सील आधी. रंग आणि क्रोम शेवटी. चमकणारी टाकी आणि खडखडणारे इंजिन हा पैसे वाया घालवण्याचा हमखास मार्ग. नवे बांधलेले इंजिन पहिले काही शे किलोमीटर हळू चालवावे, हेही धाकट्यांना बजावून सांगावे.

सांगाडाच फुटला असेल, तर परक्या नंबरचे इंजिन बसवण्याच्या मोहात पडू नये. गाडी स्वच्छ करून, गंज थांबवून, तेल लावून तशीच ठेवता येते. तीही एक जपणूक आहे. जागा नसेल, तर कागदपत्रांसह एखाद्या जाणकार जावाधारकाला देता येते. त्याच्याकडे तिचे शाबूत भाग दुसऱ्या गाडीला जीवदान देतील. भंगारात वजनावर विकणे हा शेवटचा पर्याय. तो घ्यावा लागला, तर नोंदणी रद्द केल्याशिवाय गाडी दारातून बाहेर जाऊ देऊ नये.

तेरच्या जैन मंदिराच्या आणि धाराशिवच्या लेण्यांच्या दर्शनाला निघालेल्यांनी ढोकीच्या फाट्यावर थोडा अधिक वेळ काढावा. तेरला लामतुरे वस्तुसंग्रहालयात तगरच्या काळातील माणसांनी घडवलेली मृण्मये आणि मणी पाहता येतात. फुटलेले, झिजलेले, पण कोणीतरी उचलून जपलेले. जवळच त्रिविक्रमाचे मंदिर आहे. ज्यांच्या घरी पोत्याखाली एखादी जुनी गाडी झाकलेली आहे, त्यांनी ही दोन्ही ठिकाणे पाहून परतावे आणि मगच मिस्त्रीला बोलवावे.